खिशातली बिलं



आमच्या सूतगिरणीच्या गेटवर मागच्या महिन्यात एक बॅनर लागला. शेतकऱ्यांचे कैवारी, मातीतला माणूस, दिल्लीत घुमणारा गावाचा आवाज. साहेबांचा वाढदिवस. गौरव अंक निघणार. त्यासाठी आमच्याच वस्तीतला एक कार्यकर्ता माझ्याकडं आला. लहानपणी एका ताटात जेवलोय आम्ही. म्हणाला, "तू कविता करतोस. साहेबांच्या पार्लमेंटातल्या कारकिर्दीवर चार ओळी दे. बदलीवर किती दिवस काढशील? परमनंटचं मी बोलतो."

मी बदली कामगार. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर उभं राहायचं, कोणाचा खाडा पडतो त्याची वाट बघायची. दुसऱ्याच्या घरात कोणी आजारी पडलं की माझ्या घरात चूल पेटते. माझा बाप याच साहेबांच्या वाड्यावर सालगडी होता. तेव्हा चार ओळी मला जड नव्हत्या. खोटं कशाला बोलू, दोन रात्री मी त्या ओळी जुळवतही होतो. तिसऱ्या रात्री एका दुसऱ्या साहेबाची कारकीर्द वाचली आणि हात थांबला.

हा दुसरा साहेब अमेरिकेतला. माझी शाळा नववीत सुटली. इंग्रजी मी रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेल्या पुस्तकांवर शिकलो, डिक्शनरी मांडीवर ठेवून, एका पानाला एक रात्र. त्यामुळं जे वाचतो ते विसरत नाही. विसरणं मला परवडत नाही.

नाव जेम्स ऑलिव्हर ईस्टलँड. राज्य मिसिसिपी. तालुका म्हणा, जिल्हा म्हणा, त्यांच्याकडं काउंटी म्हणतात, ती सनफ्लॉवर. नाव सूर्यफुलाचं आणि पीक कापसाचं. तिथं डॉड्सव्हिल गावाजवळ या घराण्याचा कापसाचा मळा, ५,८०० एकर. मळ्यात राबणारे काळे. कोणाचे आजे-पणजे गुलाम म्हणून आणलेले, गुलामी कायद्यानं संपल्यावर वाट्यानं शेती करणारे. बी मालकाचं, खावटी मालकाच्या दुकानातली, हिशेबाची वही मालकाची. वर्षाच्या शेवटी वही सांगायची, तुझंच माझ्याकडं देणं निघतंय. सालगड्याच्या पोराला हे समजावून सांगायला प्रोफेसर लागत नाही.

या साहेबाचं बारसं कसं झालं ते ऐका. १९०४ च्या फेब्रुवारीत या घराण्यातल्या जेम्स नावाच्या माणसाचा खून झाला. संशय मळ्यावरच्या लूथर होल्बर्ट या काळ्या गड्यावर. मेलेल्याच्या भावानं, वुड्स ईस्टलँडनं, माणसं आणि कुत्री घेऊन पाठलाग केला. होल्बर्टला आणि त्याच्यासोबतच्या बाईला पकडून आणलं आणि डॉड्सव्हिलला जमावासमोर जिवंत जाळलं. शिक्षा कोणालाही नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वुड्सला मुलगा झाला. त्याला मेलेल्या चुलत्याचं नाव ठेवलं. तोच पुढं सिनेटर झाला. राखेवर पाळणा बांधला होता त्याचा.

१९४१ साली एक सिनेटर मेला. त्याच्या जागी राज्यपालानं ईस्टलँडला काही आठवड्यांसाठी नेमलं. त्या थोड्या दिवसांत त्यानं नाव कमावलं ते सरकीवर. सरकार सरकीच्या तेलाच्या किमतीवर मर्यादा घालणार होतं. हा उठून असा भांडला की सरकारनं माघार घेतली. झाला शेतकऱ्यांचा कैवारी! सरकीचा भाव वाढला. सरकी वेचणाऱ्या हाताचा भाव वाढला का, ते त्याला कोणी विचारलं नाही. पुढच्या निवडणुकीत तो निवडून आला आणि १९४३ पासून १९७८ पर्यंत सिनेटात बसून राहिला. सलग ३५ वर्षं.

आता काम बघा.

१९४५ साली महायुद्धात लढलेल्या काळ्या सैनिकांना त्यानं सिनेटात उभं राहून निकामी ठरवलं. महार बटालियनच्या पोरांना हा अपमान ओळखीचा वाटेल. १९५४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की शाळेत काळी-गोरी पोरं वेगळी बसवता येणार नाहीत. ईस्टलँड म्हणाला, दक्षिण हा निकाल मानणार नाही. दोन महिन्यांत त्याच्याच सनफ्लॉवर काउंटीत, इंडियानोला गावात, गोऱ्या प्रतिष्ठितांनी सिटिझन्स कौन्सिल काढलं. बँकवाला, दुकानदार, मळेवाला, वकील. जो काळा कोर्टाच्या निकालाची भाषा करील त्याचं कर्ज बंद, उधारी बंद, काम बंद. आपल्याकडं याला बहिष्कार म्हणतात. गावकीनं पीठ-मीठ तोडणं म्हणतात. तिथं त्याला नागरिकांचं मंडळ म्हणाले. शब्द किती स्वच्छ!

पण ही झाली तोंडाची कामं. ईस्टलँडची खरी ताकद तोंडात नव्हती. तो फार बोलणारा माणूसच नव्हता. चिरूट ओढत गप बसायचा. आमचा म्हातारा म्हणायचा, "वाड्यावरचा मालक वरडला तर भ्यायाचं न्हाई. गप बसला की भ्यायाचं."

१९५६ साली तो सिनेटच्या ज्युडिशिअरी कमिटीचा चेअरमन झाला. कसा? लायकीवर नाही, मतदानावर नाही, ज्येष्ठतेवर. जो कमिटीत सर्वांत जास्त वर्षं बसला तो चेअरमन. दोन सिनेटर उठून विरोधात बोलले, वेन मॉर्स आणि हर्बर्ट लेमन. बाकीचे सभ्य लोक नियमाकडं बोट दाखवून बसले. आता मिसिसिपीत काळ्यांना मत नाही. विरोधी पक्ष नावालाही नाही. त्यामुळं तिथला सिनेटर पडणारच नाही. पडत नाही म्हणून ज्येष्ठ होतो. ज्येष्ठ होतो म्हणून चेअरमन होतो. आणि चेअरमन झाला की काळ्यांना मत मिळवून देणारं बिल त्याच्याच टेबलावर येतं. हे चाक नीट समजून घ्या मित्रहो. मत चोरून खुर्ची, आणि खुर्चीवर बसून चोरीची राखण.

बिल आलं की हा काय करायचा? काही नाही. मीटिंगच बोलवायची नाही. तो स्वतःच मतदारांपुढं फुशारकी मारायचा, मी पँटला खास खिसे शिवून घेतलेत आणि ही बिलं त्यात घालून फिरतोय. एका माणसाच्या पँटीच्या खिशात लाखो लोकांची माणुसकी घडी घालून ठेवलेली! आम्ही समजतो पार्लमेंट म्हणजे भाषण, टेबल बडवणं, सभात्याग. अरे, भाषण गॅलरीसाठी असतं. माणूस मरतो तो कमिटीच्या खोलीत, अजेंड्यावर विषय न येऊन.

शेवटी १९५७ आणि १९६४ साली नागरी हक्कांची बिलं पास करायची तर त्याच्या कमिटीला वळसा घालून सरळ सभागृहात न्यावी लागली. १९६५ च्या मतदान हक्क बिलावर कमिटीला तारीख ठरवून द्यावी लागली, की या दिवसापर्यंत परत करा. चोराच्या घरावरून जायचं नाही म्हणून रस्ताच दुसरा काढला. चोराला मात्र खुर्चीवरून कोणी उठवलं नाही. तो १९७८ पर्यंत त्याच खुर्चीत बसला होता.

कोर्टातले न्यायाधीश नेमायचे तर तेही याच कमिटीतून. १९६१ साली मिसिसिपीच्या फेडरल कोर्टावर हॅरल्ड कॉक्स नावाचा न्यायाधीश बसला. कॉलेजात ईस्टलँडच्या खोलीत राहणारा दोस्त. नेमणारा राष्ट्राध्यक्ष केनेडी, ज्याचा फोटो पुरोगाम्यांच्या भिंतीवर असायचा. १९६४ साली या न्यायाधीशानं भर कोर्टात मतदार नोंदणीसाठी आलेल्या काळ्यांना चिंपांझी म्हटलं. आणि काळ्यांच्या बाजूनं शाळांचा खटला जिंकलेल्या थरगुड मार्शलला वरच्या कोर्टावर नेमलं, तेव्हा त्याच कमिटीत त्याचा कागद जवळपास वर्षभर कुजवला.

१९६४ च्या जूनमध्ये मिसिसिपीत मतदार नोंदणीच्या चळवळीतली तीन पोरं गायब झाली. जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन, मायकेल श्वर्नर. एक काळा, दोन ज्यू. राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं ईस्टलँडला फोन केला. ईस्टलँड म्हणाला, काही झालेलं नसेल, प्रसिद्धीसाठी केलेलं नाटक असेल. त्या फोनचं रेकॉर्डिंग आजही ऐकायला मिळतं. ४ ऑगस्टला तिघांची प्रेतं मातीच्या धरणाखाली सापडली. आपल्याकडं प्रत्येक अत्याचारानंतर पहिल्या दिवशी असाच एक फोन होतो. आपसातलं भांडण असेल. प्रेमप्रकरण असेल. बाहेरच्यांनी पेटवलं असेल. माणसं बदलतात, फोन तोच.

आणि आता हिशेब. अमेरिकन सरकार कापूस मळेवाल्यांना भावाला आधार म्हणून आणि काही जमीन पडीक ठेवल्याबद्दल पैसे द्यायचं. साठच्या दशकाच्या शेवटी ईस्टलँडच्या मळ्याला एका वर्षात एक लाख डॉलरच्या वर मिळाले. हाच साहेब गरिबांना सरकारी मदत दिली की ते आळशी होतात म्हणणाऱ्यांतला. १९६५ साली त्याच भागातल्या शेतमजुरांनी संप केला तेव्हा मजुरी दिवसाला तीन डॉलर होती. मी पगाराच्या चिठ्ठीच्या मागं गणित केलं. एक लाख भागिले तीन. ३३,३३३ दिवस. एकही सुट्टी, एकही खाडा न घेता ९१ वर्षं. मालकाला जमीन पडीक ठेवण्यासाठी वर्षाला जे मिळतं, ते मिळवायला मजुराला जन्मावर जन्म घ्यावा लागतो.

आता त्याच सूर्यफुलाच्या काउंटीतली बाई सांगतो. फॅनी लू हेमर. १९१७ चा जन्म. आईबापाची विसावी लेक. सहाव्या वर्षापासून कापूस वेचायला. बापानं कधी नव्हे ती चार जनावरं घेतली, तर एका गोऱ्यानं त्यांच्या चाऱ्यात विष कालवलं. वर उठू द्यायचं नाही, हा कायदा कुठल्याही पुस्तकात नसतो आणि सगळीकडं लागू असतो. रूलव्हिलजवळच्या एका मळ्यावर ती हजेरी आणि वजनाची नोंद ठेवायची. मालकाचं माप खोटं. मालक नसला की ही आपलं खरं माप लावायची. गिरणीतल्या माणसानं हे वाक्य दोनदा वाचावं. १९६१ साली गाठ काढायची म्हणून दवाखान्यात नेलं आणि तिला न सांगता डॉक्टरनं गर्भाशय काढून टाकलं.

१९६२ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, तिला पहिल्यांदा कळलं की काळ्या माणसालाही मत देता येतं. ३१ ऑगस्टला अठरा जण एका जुन्या बसमधून इंडियानोलाला नाव नोंदवायला गेले. परीक्षा काय, तर राज्यघटनेचा एक परिच्छेद उतरवून काढा आणि त्याचा अर्थ सांगा. नापास. परत येताना पोलिसांनी बस अडवली आणि ड्रायव्हरला दंड केला. गुन्हा? बसचा रंग जास्त पिवळा आहे! त्याच रात्री मालक दारात. नाव मागं घे, नाहीतर चालती हो. तिनं सांगितलं, मी तुमच्यासाठी नाव लावायला गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते. अठरा वर्षांचं काम एका रात्रीत गेलं. तिनं पुन्हा परीक्षा दिली आणि पुढच्या जानेवारीत पास ठरली.

१९६३ च्या जूनमध्ये विनोना गावच्या जेलमध्ये तिला पालथं पाडून मारलं. गोऱ्या पोलिसांनी स्वतःचे हात दुखवले नाहीत. दोन काळ्या कैद्यांच्या हातात दंडुका दिला आणि मारायला लावलं. मूत्रपिंडाला आणि डोळ्याला जन्माची इजा झाली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, तिनं हे सगळं टीव्हीसमोर सांगितलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन इतका घाबरला की तिचं तोंड पडद्यावरून हलावं म्हणून त्यानं घाईघाईनं स्वतःची पत्रकार परिषद बोलावली. रात्री चॅनलवाल्यांनी तिचं बोलणं पुन्हा दाखवलं आणि सगळ्या देशानं ऐकलं.

१९६५ चा कायदा झाला. त्याआधी मिसिसिपीत शंभरातल्या सहा-सात काळ्यांचं नाव यादीत होतं. दोन वर्षांत शंभरातल्या साठांचं झालं. खिसा फाटला म्हणा ना. पण खिशाचा मालक तसाच राहिला. १९७२ पासून तर तो सिनेटचा हंगामी अध्यक्ष. १९७३ आणि १९७४ साली उपराष्ट्राध्यक्षाची जागा काही आठवडे, काही महिने रिकामी पडली, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदापासून तो फक्त दोन पावलांवर होता. हेमर बाईनं त्या काळात सहकारी शेत काढलं. डुकरं पाळायला दिली, भाजी लावली, भुकेल्यांना वाटली. पैशावाचून ती जमीन हातची गेली. १९७७ च्या मार्चमध्ये ती कॅन्सरनं मेली, गरिबीत.

पुढच्या वर्षी निवडणूक. काळी मतं आता मोजावी लागत होती. तेव्हा म्हाताऱ्या साहेबानं काळ्यांचा पुढारी आरन हेन्री याला विचारलं, तुमची माणसं मला देतील का? हेन्रीनं तोंडावर सांगितलं, कठीण आहे, तुमची वृत्ती मालक-नोकराची आहे. साहेब उभा राहिला नाही. १९८६ साली घरचा मान घेऊन मेला.

आणि आजची गोष्ट. २०१९ साली जो बायडेन यांनी एका सभेत याच ईस्टलँडची आठवण काढली. तेव्हा मतभेद असले तरी सभ्यपणा होता, कामं होत होती, असं म्हणाले. त्याच बायडेन यांनी २०२५ च्या जानेवारीत हेमर बाईला मरणोत्तर सर्वोच्च नागरी पदक दिलं. जिवंतपणी मालकाशी सभ्यपणा आणि मेल्यावर बाईला पदक. ही रीत आम्हाला नवी नाही. बाबासाहेबांना १९५२ आणि १९५४ ला लोकसभेत जाऊ दिलं नाही आणि १९९० ला भारतरत्न दिलं.

कोणी म्हणेल, तिकडचं इकडं कशाला? काळा वेगळा, दलित वेगळा. कबूल. आमचं मत १९५२ पासून यादीत आहे. इंडियानोलासारखी परीक्षा आमच्या आजीला द्यावी लागली नाही. अंगठा पुरला. हे बाबासाहेबांनी कमावलेलं आहे. पण २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनीच बजावलं होतं, राजकारणात समता आणि समाजात, पोटापाण्यात विषमता, हे फार दिवस चालू दिलं तर सगळं उडेल. ईस्टलँडला आमचं मत अडवावं लागायचं. आमच्या साहेबांना अडवावं लागत नाही. ते मत घेतात. मतदानाच्या आदल्या रात्री घेतात, बदलीच्या यादीवर घेतात, समाजमंदिराच्या पत्र्यावर घेतात. आणि आता कवितेच्या चार ओळींवर घ्यायला आलेत. खिसा तोच, फक्त बिलाच्या जागी आम्ही आत आहोत.

आणखी एक. १९७२ साली आपल्या पोरांनी मुंबईत पँथर नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ब्लॅक पँथर आला कुठून? मिसिसिपीच्या शेजारी अलाबामा राज्य. तिथल्या लाउंड्स नावाच्या खेड्यापाड्यांच्या काउंटीत काळ्या शेतमजुरांनी १९६५-६६ साली स्वतःचा पक्ष काढला. वाचता न येणाऱ्यांसाठी मतपत्रिकेवर चित्र लागायचं. त्यांनी काळा बिबट्या निवडला. ऑकलंड शहरातल्या पोरांनी तो तिथून घेतला. म्हणजे आपला पँथर मुळात निवडणूक चिन्ह आहे! मालकाच्या गावात, मालकाच्या डोळ्यांदेखत, अंगठेबहाद्दरांनी मारायचा शिक्का. त्याची झेप पोस्टरवर नव्हती. पेटीत होती.

म्हणून माझ्या मित्राला, त्या कार्यकर्त्याला, हे जाहीर उत्तर. भाऊ, मी तुला दंडुका धरलेला म्हणत नाही. विनोनाच्या त्या दोन कैद्यांवरही जबरदस्ती होती, तुझ्यावरही घर आहे. पण गौरव अंकात मला पुढच्या प्रश्नांची उत्तरं छापून दे, मग मी ओळी देतो. साहेब पार्लमेंटात कुठल्या कमिटीवर होते? तिथं कशावर बोलले, ते सोड. कशावर गप बसले? त्यांच्या स्वतःच्या गावात आपल्या वस्तीला पाणी कुठल्या साली आलं आणि वाड्यावर कुठल्या साली? गिरणीत बदली किती आणि परमनंट किती? माझ्या बापाच्या नावची वही कुठंय?

ही उत्तरं येईपर्यंत गौरव अंकात माझं पान कोरं ठेव. हा लेख सायक्लोस्टाइल होऊन गेटवर वाटला जाईल त्या दिवशी बदलीच्या यादीत माझं नाव असेल की नाही, ते मला ठाऊक नाही. आज रातपाळीला कोणाचा तरी खाडा आहे. जातो.